दोनशे चाळीस तास आधी

हिंदू कोड बिल ‘पडलं’ असं आपण सहज म्हणतो. पण ते पाडणारं मतदान संसदेत कधी झालंच नाही. विरोधकांना आकडे जमवावे लागले नाहीत, पराभवाची घोषणा कुणी केली नाही. बिलाला फक्त वेळ दिला गेला नाही. म्हणून त्याची गोष्ट तारीख-वारानं आणि जमेल तिथे तासांनी सांगायला हवी.

शून्य तास २७ सप्टेंबर १९५१ हा धरू. त्या दिवशी कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पंतप्रधान नेहरूंना राजीनाम्याचं पत्र लिहिलं. तिथून मागे मोजत जायचं आणि उभं राहायचं मावळात, भाज्याला. लोहगड-विसापूरच्या पायथ्याचं, मळवली स्टेशनाजवळचं, भातखाचरांचं हे गाव. लेणी पाहायला येणाऱ्यांना भाजे दगडासाठी माहीत असतं, पण इथे पिढ्यानपिढ्या माणसं जगली ती जमिनीवर. दिल्लीतल्या त्या बिलाचा गाभाही तोच होता: जमीन कुणाची, आणि ती कुणाच्या नावावर चढायची.

तीस वर्षं आधी: १९२१

स्त्रियांच्या मताचा आणि मालमत्तेचा प्रश्न आपल्याकडे पहिल्यापासून एकमेकांत गुंतलेला आहे. १९१९च्या सुधारणा कायद्यानं स्त्रियांना मत द्यायचं की नाही हे प्रांतांवर सोडलं. १९२१मध्ये आधी मद्रासनं आणि मग मुंबई इलाख्यानं स्त्री म्हणून असलेली अपात्रता काढून टाकली. त्यामागे रमाबाई रानडे आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी घेतलेल्या सभा होत्या, दिलेले अर्ज होते, पुण्यामुंबईत वर्षानुवर्षं केलेली खटपट होती. तो विजय खराच होता. पण खेड्यात मत मिळायचं ते ठरावीक सारा भरणाऱ्या जमिनीवर. भाज्यातल्या किती बायकांच्या नावानं सारा भरला जात होता? लावणी बाईनं करायची, बेणणी बाईनं करायची, कापणीलाही तीच पुढे. उताऱ्यावर मात्र सासरा, नवरा, दीर.

१९३५च्या कायद्यानं वाट थोडी रुंद केली, तीही अशी की नवऱ्याच्या मालमत्तेच्या आधारावर बायकोला मत. म्हणजे तिचं मत त्याच्या जमिनीच्या वाटेनं आलं. इथेच ज्यांनी पाहायचं त्यांना दिसलं की मताचा हक्क जिंकूनही वारसाचा कायदा तसाच राहिला, तर बाईचं नागरिकत्व नवऱ्याच्या सातबाऱ्यावर टांगलेलं राहणार.

चौदा ते सहा वर्षं आधी: १९३७ ते १९४५

मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नानं १९३७चा हिंदू स्त्रियांच्या मालमत्ताहक्काचा कायदा झाला. ‘देशमुख ॲक्ट’ या नावानं तो ओळखला जातो. विधवेला नवऱ्याचा वाटा मिळाला, पण हयातीपुरता. ती जमीन कसू शकत होती. मनासारखी विकू किंवा देऊ शकत नव्हती. मुलीला त्यात काहीच नव्हतं. १९४१मध्ये फेडरल कोर्टानं सांगितलं की हा कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, कारण तो विषय प्रांतांचा. प्रांतांना मग वेगळे कायदे करावे लागले. ज्या देशात मालमत्ता म्हणजे बहुतेकांसाठी शेतजमीन, त्या देशात शेतजमीन सोडून दिलेला हक्क कितीसा?

या गुंत्यातूनच बेनेगल नरसिंह राव यांची समिती नेमली गेली. तीत पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे होते. समिती साक्षी घेत देशभर फिरली, पुण्यातही बसली. तिनं तयार केलेल्या हिंदू कोडाच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता.

साडेचार वर्षं आधी: ११ एप्रिल १९४७

बिल सभागृहात मांडलं गेलं आणि वर्षभर तिथेच राहिलं. ९ एप्रिल १९४८ला ते प्रवर समितीकडे गेलं. समितीचं नेतृत्व बाबासाहेबांकडे होतं आणि तिनं चार महिन्यांत काम संपवलं. १२ ऑगस्ट १९४८ला अहवाल आला तेव्हा मुलीचा वाटा निम्म्यावरून पूर्ण, मुलाइतका झाला होता. विधवेचा हयातीपुरता हक्क कायमच्या मालकीत बदलला होता. मुलग्यांना जन्मतःच एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत हक्क देणारी मिताक्षरेची पद्धत काढून टाकायची होती.

हे तीन बदल एकत्र वाचले की विरोध एवढा का पेटला ते कळतं. घटस्फोटावर भाषणं झाली, सीता-सावित्रीची नावं घेतली गेली, धर्म बुडेल म्हणून सांगितलं गेलं. पण माझ्या मते पोटातलं दुखणं वाट्याचं होतं. जावई बांधावर उभा राहील, ही भीती गावोगावच्या चावडीत होती तशी दिल्लीच्या बाकांवरही होती.

१९४९: आठ दिवस

आता हिशेब पाहा. फेब्रुवारी १९४९मध्ये चर्चेला चार दिवस मिळाले. मार्चमध्ये एक, एप्रिलमध्ये दोन. मग थेट डिसेंबर. त्या महिन्यात ११ तारखेला दिल्लीच्या रामलीला मैदानावर बिलाविरुद्ध मोठी सभा झाली. दुसऱ्या दिवशी मोर्चा सभागृहाच्या इमारतीवर गेला, नेहरू आणि आंबेडकरांचे पुतळे जळाले. १९ डिसेंबरला बिलाला आणखी एक दिवस मिळाला आणि ते विचारात घेण्याचा ठराव मंजूर झाला.

दहा महिन्यांत आठ दिवस. त्याच काळात, त्याच इमारतीत, त्याच माणसाच्या देखरेखीखाली देशाची घटना पूर्ण झाली. २६ नोव्हेंबर १९४९ला ती स्वीकारली गेली. तिच्यात प्रत्येक प्रौढ स्त्रीला मत होतं. जमिनीची अट नाही, शिक्षणाची अट नाही, नवऱ्याचा आधार नाही. रमाबाईंच्या पिढीनं जे तुकड्यातुकड्यानं मागितलं ते एका कलमानं मिळालं. आणि तीन आठवड्यांनी, त्याच स्त्रीला बापाच्या मिळकतीत वाटा द्यावा का यावर बोलायला त्याच इमारतीत एक दिवस निघाला.

४१३ दिवस

१९ डिसेंबर १९४९ ते ५ फेब्रुवारी १९५१. या मधल्या काळात बिलाला संसदेचा एकही दिवस मिळाला नाही. १९५० हे अख्खं वर्ष कोरडं गेलं. मला या घटनाक्रमात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी नोंद हीच वाटते, कारण तिथे नोंद करण्यासारखं काहीच नाही. मोर्चाला उत्तर देता येतं, भाषण खोडता येतं. कामकाजपत्रिकेत विषयच नसेल तर कुणाशी लढायचं?

२३४ दिवस आधी: ५, ६, ७ फेब्रुवारी १९५१

कलमवार चर्चा सुरू झाली. तीन दिवस. मग पुन्हा थांबली.

दोन महिने आधी: जुलै १९५१

दिल्लीपासून दूर, मुंबई उच्च न्यायालयात एक निकाल लागला. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला आणि न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी ‘नरसू अप्पा माळी’ खटल्यात मुंबई राज्याचा द्विभार्याबंदीचा कायदा वैध ठरवला. हा कायदा १९४६चा. १९४७मध्ये मुंबईनं हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदाही केला होता.

हा निकाल इथे आवर्जून सांगण्याचं कारण आहे. हिंदू कोडातला विवाहाचा भाग, म्हणजे एकपत्नीत्व आणि घटस्फोट, तोवर मुंबई राज्यात कायदा होऊन बसला होता. भाज्यातल्या नवऱ्याला १९५१ साली दुसरी बायको करणं गुन्हा होता. नको झालेल्या लग्नातून बाहेर पडायची कायदेशीर वाट बाईला होती, निदान कागदावर. तिच्यापाशी नव्हता तो वाटा. दिल्लीच्या बिलातलं तिच्या उपयोगाचं पान मालमत्तेचं होतं.

१,१५२ तास आधी: १० ऑगस्ट १९५१

बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहिलं. तब्येत खालावत चालली होती. स्वतःला आणि डॉक्टरांनाही काळजी वाटत होती. डॉक्टरांच्या स्वाधीन होण्याआधी हे बिल पुरं करायचं आहे, असं त्यांनी कळवलं. १६ ऑगस्टला विषय घ्यावा आणि १ सप्टेंबरपर्यंत संपवावा, ही मागणी होती. नेहरूंची बिलावर निष्ठा होती, पण सभागृहातला आणि बाहेरचा विरोध पाहून मंत्रिमंडळानं विषय सप्टेंबरच्या सुरुवातीला घ्यायचं ठरवलं, आणि प्रत्यक्षात तो उजाडला १७ सप्टेंबरला.

हा महिनाभराचा उशीर साधा नव्हता. ती हंगामी संसद होती. पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबरअखेर सुरू व्हायची होती. प्रत्येक खासदाराच्या मनात आता मतदारसंघ होता. निवडणुकीचा लोकप्रतिनिधित्व कायदा याच कायदामंत्र्यानं त्याच उन्हाळ्यात मंजूर करून घेतला होता. म्हणजे देशभरच्या बायकांना मतपेटीपर्यंत नेणारा कायदा त्यांच्या हातून पार पडला, आणि त्याच मतपेटीच्या धास्तीनं दुसरा कायदा अडला.

२८८ तास आधी: १५ सप्टेंबर

राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी नेहरूंना पत्र पाठवलं. हिंदू कोडाला त्यांचा विरोध जुना होता. निवडणुकीनं निवडून न आलेल्या संसदेनं इतका खोल बदल करू नये, असं त्यांचं म्हणणं. आणि बिल संमतीसाठी आलं तर आपण स्वतःच्या विवेकानुसार वागू, असा इशारा. नेहरूंनी त्याच दिवशी उत्तर दिलं: संसदेच्या इच्छेविरुद्ध जाण्याचा अधिकार राष्ट्रपतींना नाही. घटना लागू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. राष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्यातला पहिला मोठा घटनात्मक पेच उभा राहिला तो बायकांच्या हक्कांवरून.

२४० तास आधी: १७ सप्टेंबर

चर्चा सुरू झाली, पण अख्ख्या बिलावर नाही. एवढं मोठं बिल या संसदेच्या आयुष्यात पार पडणार नाही, तेव्हा विवाह आणि घटस्फोटाचा भाग वेगळा काढून तेवढाच मंजूर करावा, असा प्रस्ताव पंतप्रधानांकडून आला होता. बाबासाहेबांनी तो नाइलाजानं मान्य केला. सगळं जाण्यापेक्षा थोडं तरी हाती यावं, हा हिशेब. त्यांच्या जागी कुणीही तोच केला असता.

भाज्यातून पाहिलं तर दिवा इथेच विझला. मागे ठेवलेला भाग मालमत्तेचा होता, आणि पुढे आणलेला भाग मुंबई राज्यात आधीच कायदा होता. राजीनाम्याचं पत्र लिहिलं जायला अजून दहा दिवस होते. वर्तमानपत्रांत बिलासाठी झगडा चालल्याच्या बातम्या येत राहणार होत्या. पण मावळातल्या लेकीचा वाटा १७ तारखेलाच टेबलावरून उचलला गेला होता. इतिहास लिहिताना आपण राजीनाम्याच्या तारखेवर थांबतो. मला वाटतं, महाराष्ट्रानं तरी ही दहा दिवसांआधीची तारीख लक्षात ठेवावी.

सभागृहात काय चाललं होतं? श्यामाप्रसाद मुखर्जींनी बिलावर कडाडून हल्ला केला; ज्याला हवा त्यानं स्वीकारावा असा हा कायदा ऐच्छिक ठेवा, असंही सुचवलं. शीख सदस्यांपैकी काहींनी आम्हाला यातून वगळा म्हटलं. दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या, एकेका शब्दावर तासन्‌तास. पाठिंबा देणाऱ्यांत काँग्रेसच्या स्त्री सदस्य होत्या. पण त्या संख्येनं मूठभर होत्या आणि वेळ विरोधकांच्या हातात होता. बोलत राहणं एवढंच त्यांना पुरेसं होतं.

शेवटचे तास

चार कलमं मंजूर झाली. मग पंतप्रधानांनी बाबासाहेबांना सांगितलं की विवाह आणि घटस्फोटाचा भागही आता सोडून द्यावा. बाबासाहेबांना हा आघात अनपेक्षित होता. ज्या तुकड्यासाठी बाकीचं सगळं बाजूला ठेवलं, तो तुकडाही गेला. पक्षादेश काढला असता, सदस्यांना शिस्त लावली असती, तर बिल वाचलं असतं, हे त्यांचं दुखणं पुढे त्यांच्या निवेदनात उमटलं. मला ते रास्त वाटतं. नेहरूंनी बिलासाठी वर्षानुवर्षं शब्द खर्च केले, पण पक्षाची ताकद मात्र लावली नाही.

शून्य तास: २७ सप्टेंबर १९५१

राजीनाम्याचं पत्र. बराच काळ मनात होतं, पण संसदेचं आयुष्य संपण्याआधी हिंदू कोड पुरं होईल या आशेवर थांबलो होतो, असा त्याचा आशय. आता ते कारण उरलं नव्हतं. अंगावरची सरकारी बिलं मार्गी लागेपर्यंत मात्र ते कामावर राहिले.

मावळात तेव्हा भात निसवायला लागलं असेल. तळेगाव दाभाड्याला बाबासाहेबांचा बंगला होता. आजही लोक तो पाहायला जातात. मळवलीहून लोकलनं तळेगाव काही स्टेशनांवर आहे. कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव. हा माणूस मावळाला परका नव्हता, आणि ज्या बायका त्या दिवशी खाचरात होत्या त्यांच्यासाठी दिल्लीत कुणीतरी खुर्ची सोडली, हे त्यांच्यापैकी बहुतेकींच्या कानावरही गेलं नसेल.

३३६ तास नंतर: ११ ऑक्टोबर

राजीनामा देणाऱ्या मंत्र्यानं सभागृहात निवेदन करण्याची रीत आहे. बाबासाहेब निवेदनाला तयार होते. पीठावर उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार. त्यांनी निवेदनाची प्रत आधी मागितली आणि वेळ दिली संध्याकाळी सहाची. चार वर्षं बिलाला वेळ नव्हता. आता ते का बुडालं हे सांगायलाही घड्याळ आडवं आलं. आपण आता मंत्री नाही, असली हुकूमत मानणार नाही, असं सुनावून ते सभागृहाबाहेर पडले. निवेदन वर्तमानपत्रांच्या हाती दिलं. संसदेत जे वाचलं गेलं नाही ते देशानं छापील वाचलं. चार दिवस, एक दिवस, दोन दिवस, एक दिवस हा वेळेचा सगळा हिशेब त्या निवेदनात होता.

६७२ तास नंतर: २५ ऑक्टोबर

हिमाचलातल्या चिनी नावाच्या तालुक्यात बर्फ पडण्याआधी मतदान उरकायचं म्हणून देशातली पहिली मतं त्या दिवशी पडली. मतदारयादीत १७ कोटींहून अधिक नावं होती. सुमारे ८ कोटी बायकांपैकी जवळजवळ २८ लाख बायकांची नावं मात्र यादीतून काढावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. हे जास्त करून उत्तर आणि मध्य भारतात घडलं.

भाज्यापासून डोंगराच्या पलीकडे, पवनेच्या बाजूला बेडसे लेणी आहेत. तिथल्या पाण्याच्या टाक्याजवळचा एक जुना ब्राह्मी लेख दान देणाऱ्या बाईचा आहे: महारठिनी सामडिनिका. बापाचा उल्लेख आहे, नवऱ्याचाही आहे, पण दान तिच्या नावानं नोंदलेलं आहे. याच डोंगररांगेत कधीकाळी बाईजवळ देण्यासारखं काही होतं, आणि ते दिल्यावर तिचं नाव दगडात आलं. मालकी आणि नाव बरोबर चालतात, याचा यापेक्षा जवळचा पुरावा मावळात नाही.

पावणेपाच वर्षं नंतर: १७ जून १९५६

निवडणूक जिंकल्यावर नेहरूंनी बिल तुकड्यांत मंजूर करून घेतलं. विवाहाचा कायदा १९५५मध्ये, वारसाचा १९५६मध्ये. ते काम संसदेत तडीस नेणारे मंत्री हरी विनायक पाटसकर मूळचे आपल्याच पुणे जिल्ह्यातले, इंदापूरचे. मुलीला बापाच्या वाट्यात मुलाबरोबर वाटा मिळाला. विधवेची हयातीपुरती मालकी पूर्ण झाली. पण मुलग्यांचा जन्मसिद्ध हक्क तसाच राहिला. १९४८च्या प्रवर समितीनं जे मुळापासून काढलं होतं ते १९५६च्या कायद्यानं जपून ठेवलं. आधी बाप आणि भाऊ सारखे वाटेकरी, मग बापाच्या उरलेल्या भागात बहिणीचा भाग.

आणि वारसा उघडतो तो माणूस मेल्याच्या दिवशी. ज्या बापानं १७ जून १९५६ आधी डोळे मिटले, त्याच्या लेकीला भाऊ असताना या कायद्यानं काही दिलं नाही. म्हणून ते ४१३ दिवस, तो ऑगस्टचा उशीर, ती पावणेपाच वर्षं यांची किंमत खरीखुरी आहे. त्या काळात भाज्यात जितके बाप गेले तितक्या घरांत बहिणींचा प्रश्न कायमचा मिटवला गेला. फेरफार झाला, भावांची नावं लागली.

पुढच्या तारखा

२२ जून १९९४ला महाराष्ट्रानं आपल्या दुरुस्तीनं मुलीला जन्मतः वाटेकरी केलं, पण त्या तारखेआधी लग्न झालेली असेल तर नाही. मावळात लग्नं लवकर होत. साडीचोळी घेऊन सासरी गेलेल्या किती जणी त्या एका ओळीनं बाहेर राहिल्या, ते घराघरातल्या थोरल्या बहिणींना विचारावं. धाकटी आत, थोरली बाहेर. ९ सप्टेंबर २००५ला केंद्राच्या दुरुस्तीनं ही अट गेली, पण २० डिसेंबर २००४पूर्वी झालेल्या रीतसर वाटण्यांना हात लावला नाही. दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असायला हवा का, यावर पंधरा वर्षं कज्जे चालले. ११ ऑगस्ट २०२०ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नको. मुलीचा हक्क जन्मानं आहे.

दरम्यान मावळातली जमीन भाताची राहिली नाही. द्रुतगती मार्ग झाला, बंगल्यांच्या योजना आल्या, भाज्याच्या पायथ्यापर्यंत भाव चढले. खरेदीदाराचा वकील आता सगळ्या वारसांच्या सह्या मागतो. त्यामुळे वर्षानुवर्षं भाऊबीजेपुरती येणारी बहीण वडगावला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावली जाते. माहेर तुटायला नको म्हणून बऱ्याच जणी सही देतात. काही जणी आधी कागद वाचून दाखव म्हणतात, काही जणी वाटा मागतात. १९५१ साली हा प्रसंगच आला नसता, कारण तिची सही कुणाला लागतच नव्हती.